वनभोजन : पंगतीमागचा इतिहास

शाळेच्या वार्षिक नियोजनात वनभोजनाला सहसा एकच ओळ मिळते. हिवाळ्यातला एक दिवस, एखादा तलाव किंवा डोंगरपायथा, झाडांची सावली आणि मुलांचा आनंद, एवढ्यावर विषय संपतो. आपल्यासारख्या निवासी विद्यालयात तर मुले रोजच एकत्र जेवतात; मग एक दिवस उघड्यावर जेवल्याने वेगळे काय घडते, असा प्रश्न पालकांकडून अधूनमधून येतो. अलीकडे त्याला एक सूचनाही जोडली जाते. एवढा खटाटोप कशाला? एखाद्या केटररला किंवा कृषी पर्यटन केंद्राला काम द्यावे; मुलांनी जावे, जेवावे, खेळावे आणि परत यावे. ही सूचना सद्भावनेनेच केलेली असते. तरीही ती स्वीकारण्यापूर्वी उघड्यावरच्या जेवणाचा आपल्या समाजाच्या वाट्याला आलेला इतिहास काय आहे, हे पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

डबा होता, पाणी नव्हते

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीस होते. बाल भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर ती मिळाली. सोबत घरून दिलेला भरपूर डबा होता. वाटेत जेवायला बसल्यावर जवळचे पाणी पाहिले, तर ते चिखलाने आणि गुराढोरांच्या मलमूत्राने भरलेले होते. दुसरे पाणी कोणी देईना. अन्न समोर असूनही मुले त्या रात्री उपाशी झोपली.

वनभोजनाला निघालेल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते. उघड्यावर जेवण म्हणजे निसर्गाचा आनंद हा अर्थ ज्याला पाणी मागता येते त्याचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या दृष्टीने घराबाहेरचे जेवण हा आधी पाण्याचा प्रश्न होता.

महाड येथील १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेतही हेच दिसते. परिषदेच्या गरजेपुरते पाणी त्या दिवसांत चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून प्रतिनिधी परतले. त्यानंतर देवळात शिरण्याचा त्यांचा बेत असल्याची अफवा उठली आणि जमावाने मंडपावर हल्ला केला. त्या वेळी काही प्रतिनिधी गावी परतण्यापूर्वी जेवत होते. शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. महाडच्या इतिहासात आपण पाण्याची ओंजळ स्मरतो, ते योग्यच आहे. पण मातीत सांडलेली ती पंगतही स्मरावी.

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याच वर्षी जयपूर संस्थानातील चकवारा गावी घडलेली घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या बांधवांना जेवण दिले. त्यात तूप वाढले होते. अस्पृश्यांनी तूप खाणे हाच गुन्हा ठरला. शेकडोंचा जमाव लाठ्या घेऊन आला, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. काय खावे, कोठे बसून खावे आणि कोणासमवेत खावे, या तिन्ही गोष्टींवर जातीचा पहारा होता. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आपल्या मराठी भाषेत रुळला आहे, यातच सारे आले.

कोल्हापूरचा धडा

ज्या भूमीत आपले विद्यालय उभे आहे, तिने या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने शोधली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभारली : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि इतर अनेक समाजांची. ही वसतिगृहे जातवार का, असा प्रश्न आजचे विद्यार्थी विचारतात. त्या काळी सर्व जातींच्या मुलांना एका स्वयंपाकघरात जेवू घालणे समाजाने मान्य केले नसते. शिक्षण थांबू नये म्हणून महाराजांनी आधी मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

याच वसतिगृहाच्या समारंभाला कुंभोजचे भाऊराव पाटील हा तरुण विद्यार्थी उपस्थित राहिला. तो तेव्हा जैन बोर्डिंगात राहत होता. परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्याची अट त्याला घालण्यात आली, ती त्याने नाकारली आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपणच करीत. त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचेच नाव मिळाले. जातवार वसतिगृहापासून एका पंगतीपर्यंतचा हा प्रवास सुमारे पाव शतकाचा आहे.

शाहू महाराजांनी स्वतःही हे अंतर कृतीने कमी केले. सार्वजनिक पाण्याला स्पर्श केल्याच्या कारणावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी भांडवल देऊन कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढावयास लावले. तेथे गाडी थांबवून ते स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. २१ व २२ मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना रजपूतवाडीच्या छावणीवर आपल्यासमवेत भोजनाचे जाहीर निमंत्रण दिले. ते निमंत्रण हजारोंच्या सभेत दिले गेले, हे महत्त्वाचे आहे. बंद दाराआडचे जेवण ही मैत्री असते. चारचौघांत दिलेले निमंत्रण ही भूमिका असते.

एकत्र बसणे पुरेसे आहे काय?

सहभोजनाने जात संपते, असे मात्र बाबासाहेबांनी कधी मानले नाही. अनेक जातींत परस्परांशी जेवणव्यवहार चालतो, तरीही त्यांची जातभावना तशीच राहते, हे त्यांनी १९३६ साली स्पष्टपणे दाखवून दिले. ते मूळ आणखी खोल आहे, हे त्यांचे विवेचन आपण विसरता कामा नये. मग वनभोजनाचा आग्रह कशासाठी?

आमच्या मते याचे उत्तर जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या कामात आहे. एका पंगतीत बसणे सोपे असते. पाणी कोणी आणले, चूल कोणी पेटवली, वाढले कोणी, खरकटे कोणी उचलले आणि पातेली कोणी घासली, हे प्रश्न अवघड असतात. शतकानुशतके जातीने आणि लिंगभेदाने याच प्रश्नांची उत्तरे ठरवून ठेवली होती. केटररला काम दिले की हे प्रश्न मुलांच्या नजरेआड जातात. मुलांच्या हाती फक्त भरलेले ताट येते आणि ताटामागचे श्रम अदृश्य होतात.

हा विषय जुना झाला, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, आदिवासी उमेदवारांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातील एका सरकारी शाळेत दलित स्वयंपाकी महिलेच्या हातचे अन्न काही मुलांनी नाकारले. ती मुले हा भेद जन्मतः घेऊन आली नव्हती. तो त्यांना शिकवला गेला होता. जे शिकवता येते, त्याच्या विरुद्धचेही शिकवता येते, यावर आमचा शिक्षक म्हणून विश्वास आहे.

नियोजन हाच पाठ

म्हणून आमच्या विद्यालयात वनभोजनाचे नियोजन मुलांकडूनच करून घेतले जाते. त्याची रीत येथे देत आहोत.

शिधा : शालेय पोषण आहाराच्या प्रमाणानुसार सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल लागते. दोनशे मुलांसाठी किती, हा हिशेब मुलेच मांडतात : ३० किलो धान्य, ६ किलो डाळ, १५ किलो भाजी, दीड किलो तेल. उघड्यावर भूक वाढते, म्हणून थोडे अधिक घेतात. बाजारभाव विचारून खर्चही तीच काढतात.

जेवण : पिठले, भाकरी, खर्डा, कांदा, दही, आमटी-भात आणि शेवटी गुळाचा खडा. कोल्हापूरच्या मुलांना रश्श्याची आठवण येतेच. पण या दिवशी सर्वांना एकाच पातेल्यातले खाता यावे, हा नियम आम्ही पाळतो.

पाणी : जागा ठरवताना आधी पाणी पाहिले जाते. पिण्याचे पाणी विद्यालयातून नेतात. हात धुण्यासाठी व भांड्यांसाठी लागणारे पाणी ग्रामपंचायतीला आधी पत्र देऊन गावच्या सार्वजनिक नळावरून मुले स्वतः भरतात. त्या नळापाशी उभे असताना गोरेगावचा प्रवास सांगितला, तर वर्गातल्या तासापेक्षा तो अधिक खोल जातो.

कामे : सर्व कामे चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. पीठ मळणे मुलींचे आणि लाकडे आणणे मुलांचे, असे ठरलेले नसते. भाकरी थापण्याची चिठ्ठी आलेला मुलगा पहिल्या दोन भाकऱ्या वेड्यावाकड्या थापतो, तिसरी बरी जमते. भांडी घासण्याच्या गटात एक शिक्षक असलाच पाहिजे.

वाढणे : कोणतेही घर न वगळता ओळीने भिक्षेला जाणे, हे भिक्खूंच्या धुतांग व्रतांपैकी एक आहे, त्यास सपदानचारिका म्हणतात. घर श्रीमंताचे की गरिबाचे, हे पाहावयाचे नाही. वाढणाऱ्या मुलांना आम्ही हेच सांगतो : ओळ सोडू नका, मित्रापाशी अधिक थांबू नका. वर्षभर जेवू घालणारे स्वयंपाकघरातील कर्मचारी या दिवशी पंगतीत बसतात आणि त्यांना मुख्याध्यापक व उपस्थित पालक वाढतात.

परतताना जागा आलो त्याहून स्वच्छ असावी, हा शेवटचा नियम. पत्रावळी आणि उरलेले अन्न यांची व्यवस्था लावल्याशिवाय खेळ सुरू होत नाहीत.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांस

केटररच्या सूचनेला आमचे उत्तर असे आहे. पैसा वाचतो की वाढतो, हा प्रश्न दुय्यम आहे. वर्षातील त्या एका दिवशी आपले मूल पाणी भरते, अनोळखी हातचे खाते, दुसऱ्याचे खरकटे उचलते आणि त्यात कमीपणा मानत नाही. हे शिक्षण विकत घेता येत नाही. मदत करावयाची असल्यास पालकांनी त्या दिवशी यावे, चिठ्ठी उचलावी आणि वाट्याला येईल ते काम करावे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज मोठ्या पदांवर आहेत. त्यांनी आल्यावर व्यासपीठाऐवजी पंगतीत बसावे आणि जमल्यास पातेलेही घासावे.

महाडला ज्यांचे अन्न मातीत मिसळले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज उघड्या आभाळाखाली निर्धास्त जेवू शकतात. ही निर्धास्तता संघर्षातून मिळाली आहे, हे त्यांना कळावे. आणि त्यांच्या पंगतीत कोणासही संकोच वाटू नये, एवढे त्यांनी सांभाळावे. वनभोजनाकडून आमची अपेक्षा इतकीच आहे.