हळदीचे दप्तर : भाच्यास पत्र



तुझे पत्र पोचले. वसमत तालुक्यातील हळद उत्पादकांच्या कंपनीने आपल्या संकेतस्थळाचे काम तुझ्यावर सोपविले आहे, आणि लारावेल या पीएचपीच्या चौकटीच्या अधिष्ठानावर ट्विल नावाचे मजकूर-व्यवस्थापनाचे पॅकेज बसवून ते सिद्धीस नेण्याचा तुझा विचार आहे, हे वाचून मला फार संतोष झाला. हिंगोली जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळाची तजवीज राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक व्यवस्थेतून होते. शेतकऱ्यांच्या संस्थांना मात्र असा आयता आधार नसल्याने त्यांना गावातल्याच एखाद्या जाणत्या मुलाच्या तोंडाकडे पाहावे लागते, आणि यंदा ही कंपनी तुझ्या तोंडाकडे पाहत आहे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असल्यामुळे त्या नावाने विचारणा करणारा दूरदेशीचा व्यापारी आता या पृष्ठांवर जे वाचील तेच खरे मानील, म्हणून हे काम तू हौसेचे न समजता दप्तराचे समजावेस, अशी माझी इच्छा आहे.

पॅकेज निवडताना त्याच्या रूपापेक्षा त्याच्या पालकत्वाची चौकशी अधिक बारकाईने करावी. लारावेलवरच उभारलेले ऑक्टोबर सीएमएस हे पॅकेज २०१४ पासून अनेक वर्षे मोफत मिळत होते. २०२१ साली त्याच्या कर्त्यांनी सशुल्क परवान्याचा मार्ग पत्करला, आणि त्याच वर्षी त्याची देखभाल करणाऱ्यांपैकी काहींनी विंटर सीएमएस या नावाने निराळी शाखा काढली. श्रमाचे मोल मागण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. परंतु ज्यांचा सारा मजकूर त्या पॅकेजात साठला होता, त्यांना एका सकाळी दोन वाटांपैकी एक निवडणे भाग पडले. ट्विल हे एरिया सेव्हन्टीन या संस्थेने २०१८ साली खुले केले असून त्याचा परवाना अपाचे पद्धतीचा आहे, म्हणजे वापरण्याची आणि बदलण्याची मुभा तुला कायमची आहे; मात्र परवाना मुभा देतो, देखभालीची हमी देत नाही, हे कंपनीच्या संचालकांना तू प्रारंभीच समजावून सांग.

प्रत्यक्ष बसविण्याची क्रिया अल्प आहे. पॅकेजे आणून देणाऱ्या कंपोझरला पॅकेज मागण्याचा एक हुकूम, नंतर लारावेलच्या आर्टिसन या हुकूम-साधनामार्फत ट्विलच्या स्थापनेचा दुसरा, आणि मुख्य व्यवस्थापकाचे खाते उघडले की काम संपल्यासारखे वाटते. तथापि स्थापनेच्या त्या हुकमाने डेटाबेसात कोणकोणते तक्ते निर्माण केले आणि तुझ्या प्रकल्पात कोणत्या फाइली आणून ठेवल्या, हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नकोस. मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसाच्या रचनेत बदल करणाऱ्या फाइली, चालविण्यापूर्वी 'प्रिटेंड'चा पर्याय जोडलास, तर प्रत्यक्ष बदल न होता होऊ घातलेल्या बदलांचा सगळा मसुदा तुझ्यासमोर येतो; तो वाच. कंपोझरची लॉक फाईल प्रकल्पाबरोबर जतन कर, आणि कंपनीच्या सर्व्हरवर 'अपडेट'चा हुकूम न देता 'इन्स्टॉल'चाच दे, म्हणजे तुझ्या यंत्रावर तू ज्या आवृत्त्या पारखल्यास त्याच, अक्षरशः त्याच, तेथे उतरतील.

मायग्रेशनविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच तरुण मंडळींची शिस्त सुटते. शेतजमिनीचा व्यवहार झाला म्हणजे तलाठी सातबाऱ्यावरील जुने नाव खोडून तेथेच नवे लिहीत नाही. प्रथम गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो, आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. त्यामुळे आजची स्थिती कोणकोणत्या पायऱ्यांनी आली हे पन्नास वर्षांनीही उलगडून दाखविता येते. मायग्रेशनच्या फाइली हा तुझ्या डेटाबेसाचा नमुना सहा होय. दराच्या तक्त्यात एखादा रकाना वाढवावयाचा असेल तर डेटाबेसात शिरून हाताने वाढवू नकोस, आणि एकदा चाललेल्या जुन्या फाइलीत दुरुस्तीही करू नकोस. नव्या दिनांकाची नवी फाईल लिही. तुझ्यानंतर हे काम ज्याच्या हाती जाईल, त्याला त्या फाइली क्रमाने चालवून रिकाम्या यंत्रावर तेच दप्तर पुन्हा उभे करता आले पाहिजे.

आता अनुकूलनाचा, म्हणजे पॅकेज आपल्या गरजेप्रमाणे वळविण्याचा विषय. कंपोझर परक्यांचा सारा कोड व्हेंडर नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि नवी आवृत्ती आली की तेथील जुन्या फाइली काढून नव्या मांडतो. एखादे बटण नको आहे किंवा एखादा शब्द बदलावयाचा आहे, म्हणून त्या फोल्डरातील फाईल उघडून जागच्या जागी ओळ बदलण्याचा मोह फार प्रबळ असतो, कारण त्याने काम तत्काळ होते; परंतु तो बदल पुढच्या अद्ययावतीकरणात मागमूस न ठेवता नाहीसा होतो, किंवा तो जाईल या भीतीने अद्ययावतीकरणच थांबते, आणि हे दुसरे अधिक घातक. लारावेलची मोठी आवृत्ती आता दरवर्षी निघते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला दोन वर्षेच मिळतात, हे लक्षात घेतलेस तर गोठवून ठेवलेल्या संकेतस्थळाचे पुढे काय होते ते निराळे सांगावयास नको.

हा मोहच पडू नये अशी योजना मूळ कर्त्यांनी करून ठेवली आहे. पॅकेजाने नोंदविलेले दृश्य, म्हणजे पडद्याचा साचा, मागितले गेले की लारावेल प्रथम तुझ्या प्रकल्पातील 'व्ह्यूज' या फोल्डराखालच्या 'व्हेंडर' नावाच्या जागेत ते आहे काय हे पाहते, आणि तेथे न मिळाल्यासच पॅकेजाच्या घरी जाते. भाषेच्या फाइलींनाही हाच न्याय लागू आहे, आणि कॉन्फिगच्या फाइली तर प्रकल्पात उतरवून घेण्यासाठीच असतात. मात्र 'पब्लिश'च्या हुकमाने सगळीच दृश्ये एकदम उतरवून घेऊ नकोस. जे दृश्य तू आपल्याकडे आणलेस त्याच्या पुढील दुरुस्त्या तुला मिळावयाच्या बंद झाल्या, म्हणून बदलावयाची असतील तेवढीच आण, आणि का आणली हे त्याच फाइलीच्या शिरोभागी मराठीत लिहून ठेव.

परंतु काय बदलावयाचे हे पॅकेजाकडे पाहून ठरवू नकोस. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात एक दिवस जा, बीट, म्हणजे लिलाव, चालू असताना उभा राहा, आणि मग कंपनीच्या कारकुनाजवळ बसून तो कागदावर काय लिहितो ते पाहा. त्याला दिनांक, बाजार, हळद कांडी की गट्टू, आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर, एवढेच हवे असते. ट्विलच्या मॉड्यूलच्या हुकमाने मॉडेल, मायग्रेशन, रिपॉझिटरी, कंट्रोलर आणि रिक्वेस्ट ही पाच अंगे एकदम निर्माण होतात. त्या मॉड्यूलला 'बाजारभाव' समजून हे सात रकाने दे. चित्रांचे ब्लॉक आणि पृष्ठरचनेचे वैभव कंपनीची ओळख करून देणाऱ्या चार पृष्ठांपुरते ठेव. रोजच्या नोंदीच्या पडद्यावर त्यांची अडगळ नको.

मराठीचा संबंध आला की काही अडचणी अशा येतात, ज्यांचा विचार पॅकेजाच्या कर्त्यांना करावा लागलेला नसतो. कारकून दर '१२५००' असा देवनागरी अंकांत लिहील, आणि लिहिलाच पाहिजे. परंतु पीएचपी त्यास संख्या मानीत नाही, आणि तपासणीचा नियम त्याची नोंद परत करतो. तेव्हा तुझ्या स्वतःच्या रिक्वेस्ट क्लासात, तपासणीपूर्वीच्या टप्प्यावर, देवनागरी अंकांचे रूपांतर करून घे. साठा संख्येच्या स्वरूपात कर, आणि दाखविताना इंटल विस्ताराच्या संख्यालेखकाला मराठी भारतीय लोकेल दिलेस, म्हणजे तो देवनागरी अंक आणि लाखांचे स्वल्पविराम दोन्ही बिनचूक देतो.

संकेतस्थळावरील पृष्ठांच्या पत्त्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. लारावेलच्या स्लग, म्हणजे पत्त्यातील शब्द, करणाऱ्या फंक्शनला रोमन लिप्यंतर नको असे सांगितले, तर ते अक्षरे आणि अंक तेवढे राखते. आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नसून चिन्हे असल्याने ती सर्व गळून 'हिंगोली'चे 'हगल' होते. नियमात चिन्हांचा वर्ग मिळवून तुझे स्वतःचे फंक्शन लिहिता येईल. तरीही पत्ता रोमन लिपीत हाताने लिहावा, असेच माझे मत आहे, कारण व्हॉट्सअॅपवर नक्कल करून पाठविलेला देवनागरी पत्ता पुष्कळदा टक्केवारीच्या खुणांत फुटतो, आणि ७ संकेतांचा 'हिंगोली' हा शब्द ६३ चिन्हांची निरर्थक माळ होऊन बसतो.

'शेतकऱ्यांना' हा शब्द तुझ्या संकेतस्थळावर पदोपदी येणार. त्यातील जोडाक्षर काही जण ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन टंकतात, तर काही जण साध्या र पुढे हलन्त आणि अदृश्य जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु बाइटांची तुलना करणाऱ्या शोधाला ती सर्वस्वी भिन्न असतात. जतन करतेवेळीच एक रूप ठरवून सर्व मजकूर त्यात आण. कंपनीचा जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटात असेल, तर तो युनिकोडात आणल्यावर ओळन् ओळ डोळ्यांखालून घाल. या कामात यंत्रावर विसंबू नये.

कालविभाग आशिया-कोलकाता असा लाव. तो मूळचा यूटीसी राहिला, तर पहाटे साडेपाचपूर्वीची नोंद आदल्या दिवसाच्या नावावर जमा होते. सर्व्हरवर फक्त 'पब्लिक' हा फोल्डर जगास दिसेल अशी व्यवस्था कर, डीबग बंद ठेव, आणि पासवर्डांची ईएनव्ही फाईल कोणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नकोस.

हळदीची काढणी माघ-फाल्गुनात सुरू होते आणि शिजवून, वाळवून, पॉलिश करून माल बाजारात येऊ लागला की कारकुनाला मान वर करण्यास सवड नसते, म्हणून होळीच्या आत त्याच्याकडून आठवडाभर खऱ्या नोंदी करून घे, आणि तो जेथे अडखळेल तेथे त्याला न शिकविता पडदा बदल. त्यास ट्विलमधील प्रकाशकाचाच अधिकार दे. मुख्य व्यवस्थापकाचे खाते, डोमेनची नोंदणी आणि होस्टिंगचा करार ही तिन्ही कंपनीच्या नावे असू देत, तुझ्या किंवा माझ्या नावे नकोत. आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत याची नोंद संचालकांच्या पुढील सभेच्या इतिवृत्तात करून घेऊन तिची एक प्रत मला पाठव.

कळावे. आईस नमस्कार सांग.

तुझा मामा