निपाणीहून लॉ फर्मला पत्र लिहिताना

आमच्याकडे एलएल.बी. झालं की पोरगं एखाद्या सीनियरकडे 'बसतं'. चिकोडी, निपाणी नाहीतर बेळगावच्या कोर्टात घरच्यांच्या ओळखीचं कुणीतरी निघतंच. फोन होतो, 'सोमवारपासून ये' म्हणतात, विषय संपला. पत्र कुणी मागत नाही. म्हणून पुण्या-मुंबईच्या नाहीतर बंगळूरच्या फर्मकडे अर्ज करायचा म्हटलं की भली हुशार मुलंही कव्हरिंग लेटरपाशी अडतात. मी निपाणीचा, बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकलेला आणि आता पुण्यातल्या एका फर्ममध्ये जमिनीची कागदपत्रं तपासणारा. त्यामुळे भागातली मुलं पत्र पाठवण्याआधी मला दाखवतात. ती वाचून जे वाटत आलं, ते हे.

१. पत्र दाव्यासारखं लिहा. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ६, नियम २ सगळ्यांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो: महत्त्वाची वस्तुस्थिती थोडक्यात मांडायची, पुरावा त्यात घुसडायचा नाही. पुराव्यासाठी बायोडेटा जोडलेला आहेच. तरी मुलं मूट कोर्टापासून एनएसएसच्या शिबिरापर्यंत सगळं पत्रात पुन्हा उतरवतात. आणि जे हवं, ते 'दाव्यास कारण', म्हणजे हीच फर्म का, ते नेमकं राहून जातं. 'आपली फर्म नामांकित आहे' हे कारण झालं नाही. चिकोडीकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'तुमच्याकडे साखर कारखान्यांच्या कर्जांचं काम असतं. मी ऊसपट्ट्यातली आहे आणि इंटर्नशिपमध्ये तारण जमिनींचे उतारे तपासले आहेत.' एवढं पुरे. शेवटी मागणी स्पष्ट हवी: कोणती जागा, कोणतं शहर, कधीपासून. पान एकच.

२. सीमाभाग लपवू नका आणि गाऱ्हाणं म्हणूनही मांडू नका. एका पत्रात १ नोव्हेंबर १९५६, महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल आणि महाराष्ट्रानं २००४मध्ये सुप्रीम कोर्टात लावलेला दावा, असं सगळं आलं होतं. मला वाचायला आवडलं. आमच्या घरी जेवताना हेच बोलणं असतं. पण नोकरी देणाऱ्याला त्याचं काय? त्याला दिसतं ते एवढंच, की घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात; बी.ए. देवचंद कॉलेजचं, जे गावाला लागूनच पण अर्जुननगरला, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आणि कायद्याची पदवी हुबळीच्या विद्यापीठाची. हा घोळ एका ओळीत सोडवा आणि लगेच त्यातून काय जमतं ते सांगा.

जमतं ते थोडं नाही. सातबारा वाचता येतो आणि कर्नाटकची आरटीसीही. १९५६च्या आधीची आमच्याकडची पुष्कळ खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत आहेत, त्यानंतरची कन्नडात. मुंबईच्या असोसिएटला दोन्हीसाठी माणूस शोधावा लागतो. एका मुलाचं पत्र माझ्या चांगलं लक्षात आहे. एका कुटुंबाची थोडी जमीन कागल तालुक्यात, थोडी निपाणीकडे. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर 'ज्ञानदेव', आरटीसीत कन्नडात 'ग्यानू'. खरेदीदाराचा वकील हटून बसला. पोरानं जुने फेरफार काढले, दोन्हीकडचे वारस जुळवून तक्ता केला आणि दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं प्रतिज्ञापत्र सीनियरसाठी लिहून दिलं. हे त्यानं चार ओळींत मांडलं होतं. मुलाखतीत अर्धा वेळ त्याच तक्त्यावर बोलणं झालं, म्हणे.

भाषांचंही तसंच. नुसतं 'मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी' लिहून काही कळत नाही. 'कन्नड दस्त वाचून इंग्रजीत सारांश लिहितो, बोलताना अडखळतो' हे खरं असेल तर असंच लिहा. बंगळूरच्या मुलाखतीत समोरचा पहिला प्रश्नच कन्नडात टाकतो, मग सोंग किती वेळ टिकणार?

३. सनदेची ओळ विसरू नका: कोणत्या बार कौन्सिलची, कोणत्या वर्षाची, ऑल इंडिया बार परीक्षा झाली की व्हायची आहे. कर्नाटकची सनद पुण्यात कशी चालेल, म्हणून मुलं उगाच घाबरतात. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३० हे जून २०११पासून लागू आहे; सनद देशभर चालते. सनदेची फी जास्त म्हणून कुणी थांबलं असेल, तर सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ला तोही प्रश्न मिटवला आहे: सर्वसाधारण गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. कोर्टाचं काम हवं असेल तर कुठे उभे राहिलात ते नाव घालून लिहा. धारवाडचं खंडपीठ आहेच, आणि १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, जे निपाणीकरांना धारवाडपेक्षा कितीतरी जवळ.

४. 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' हे तहसीलदाराच्या अर्जातलं इंग्रजी आहे. काढून टाका. ज्यांना लिहिताय त्यांचं आडनाव फर्मच्या वेबसाइटवर बघून घाला; पार्टनर बाई असताना 'सर' लिहिलेली पत्रं अजून येतात.

५. आमदारांची चिठ्ठी जोडू नका. (हसू नका, लोक जोडतात.) त्यापेक्षा ज्यांच्याकडे बसलात त्या सीनियरचं नाव संदर्भ म्हणून द्या, पण त्यांना विचारून, आणि कोणत्या कामाबद्दल फोन येईल तेही सांगून ठेवा. फोन कोर्ट सुटल्यावर करा म्हणावं. सकाळी बोर्ड चालू असताना कुणाचाच वकील फोन उचलत नाही.