समुद्र शेवटी बघा

वर्षभर पडद्यावर भेटणारी माणसं एकदा तरी एका छताखाली आणायची ठरलं, की पहिला प्रश्न निघतो, ‘गोवा की अलिबाग?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. माणसं कुठून निघणार, कोणाला किती वेळ लागणार, कोणाला निघताच येणार नाही, हे कळायच्या आत जागा ठरवणं म्हणजे मुलगा-मुलगी पसंत व्हायच्या आधी कार्यालय बुक करणं.

आमच्या कंपनीची नोंदणी पुण्यात आहे, ऑफिस कुठेच नाही. माणसं नाशिक, नागपूर, इंदूर, कोची, गुवाहाटी अशी विखुरलेली. पगार, रजा, लॅपटॉपची कुरिअरं आणि आपापसातली भांडणं हे सगळं माझ्याकडे असतं, म्हणून रिट्रीटही माझ्याच गळ्यात पडली. पण ती माझ्यापर्यंत आली तेव्हा ठिकाण ठरून गेलं होतं. आमच्या संस्थापकांनी दक्षिण गोव्यात काणकोणजवळचा स्विमिंग पूलवाला एक व्हिला पावसाळी दरात पाहिला, ॲडव्हान्स भरला आणि ग्रुपवर फोटो टाकले. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. ते फोटो उन्हाळ्यातले आहेत आणि आपण जुलैत चाललो आहोत, हे त्या पावसात कोणी बोललं नाही.

गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. एक जुना दाबोळीचा आणि दुसरा २०२३च्या जानेवारीपासून सुरू झालेला मोपाचा. मोपा पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. काणकोण दक्षिण टोकाला. तिकीट काढणाऱ्याने ‘गोवा’ एवढंच बघितलं आणि ज्याला जे स्वस्त दिसलं ते त्याने काढलं. मोपाला उतरलेल्यांनी मग भर पावसात, रात्री, अख्खा गोवा उभा पार केला. ओला-उबर तेव्हा तिथे नव्हतंच. गोवामाइल्सचं ॲप आहे, विमानतळावर टॅक्सीचे काउंटर आहेत, पण एवढ्या लांबचं भाडं ऐकून आमचा इंदूरचा मुलगा मला फोनवर म्हणाला, “ताई, याच्यात मी परत घरी जाऊन येईन.” 

नाशिकची मंडळी रेल्वेने आली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. त्यातही दरड आणि पाणी यांचा भरवसा नाही. २०२४च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन सगळी वाहतूक अडली होती. जाताजाता एक गोष्ट सांगते, जी माहितगारांच्याही लक्षात राहत नाही. नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. विमानाने येणाऱ्याने लवकर तिकीट काढलं तर पैसे वाचतात. रेल्वेने येणाऱ्याला हातात तिकीट उशिराच मिळतं, आणि वेटिंगवर अडकला तर त्याहून उशिरा. ‘अमुक तारखेपर्यंत सगळ्यांनी तिकिटं पाठवा’ असा एकच निरोप दोघांना देऊन उपयोग नाही.

सगळ्यात हाल झाले गुवाहाटीच्या डिझायनरचे. पहाटे घरातून निघालेली, विमान बदलून, पुढे टॅक्सीने ती व्हिलावर पोचली तेव्हा पहिल्या संध्याकाळचा ओळखीचा कार्यक्रम चालू होता. तिची ओळख करून देण्याची पाळी आली तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती.

म्हणून आता मी असं करते: कागदावर प्रत्येकाचं नाव आणि त्यासमोर त्याच्या घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचे तास. तीन-चार जागांसाठी असे तीन-चार रकाने. सरासरी काढायची नाही. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याचा आकडा ज्या रकान्यात कमी, ती जागा. आमच्या बाबतीत या हिशेबातून कधी हैदराबाद निघतं, कधी नागपूर. फोटोत दोन्हीकडे समुद्र नाही, त्यामुळे बदाम कमी येतात. पण विमानतळापासून तासाभराच्या आतलं साधं हॉटेल आणि त्याच्या आवारात चार मोठी झाडं, एवढ्यावर माणसं खूश असतात, कारण ती थकलेली नसतात.

या रकान्यांच्याही आधीचं एक काम आहे, ते म्हणजे कोणाला येता येणार नाही याचा शोध. ‘कोण कोण येणार?’ हे ग्रुपवर विचारू नका. तिथे सगळे ‘हो’ म्हणतात आणि आठवडाभर आधी एकेकाला ताप येतो. मी आता प्रत्येकाला वेगळा फोन करते. एकाच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याला दोन दिवसांच्या वर घर सोडता येत नाही, आणि ते दोन दिवस कोणते हेही ठरलेलं आहे. एकीचं बाळ अंगावर पितं. तिला ‘बाळाला घेऊन ये’ म्हणणं सोपं आहे, पण मग बाळाबरोबर येणाऱ्या आजीचं तिकीट आणि तिची खोली कोण देणार, हे त्याच फोनवर बोलायला हवं. कंपनी देणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. नसेल तर तेही सांगा, म्हणजे तिला ठरवता येईल.

नव्याने लागलेल्या मुलींच्या घरून फोन येतात. एकीच्या बाबांनी मला विचारलं, “ज्या कंपनीचं ऑफिस आम्ही कधी पाहिलं नाही, ती पोरीला तीन दिवस कुठे नेणार?” त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. तेव्हापासून घरच्यांसाठी एक पान मराठी-हिंदीत तयार असतं. मुक्कामाचा पत्ता, तिथला फोन, माझा फोन, खोलीत कोण कोण असणार, गाडी कोणाची, जवळचं हॉस्पिटल कुठे. हे पान पाठवलं की अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

खोल्यांचं आणि रात्रीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कामाच्या ठिकाणाची व्याख्या बरीच रुंद करतो. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल ती जागा त्यात येते आणि कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा येतं. म्हणजे स्विमिंग पूलजवळचं टेबल आणि रात्रीची टॅक्सी, दोन्ही ऑफिसच. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि आपल्यासारख्या घरून चालणाऱ्या कंपन्यांत ती बहुतेकदा कागदावरच असते. निघायच्या आधी समितीत कोण आहे, तिच्यातलं कोण बरोबर येतंय, हे सगळ्यांना लेखी कळवा. खोली कोणाबरोबर हवी हे विचारून घ्या, परस्पर जोड्या लावू नका. घोरणाऱ्याला वेगळी खोली देणं ही चैन नाही. दारूचं बिल कंपनीने भरावं की नाही यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत. माझं मत असं की भरू नये. ज्याला प्यायची आहे तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळात पिईल, आणि जे पीत नाहीत त्यांना जेवणाच्या टेबलावरून लवकर उठावं लागणार नाही.

आता व्हिला. फोटोत सहा खोल्या होत्या, न्हाणीघरं किती ते फोटोत नव्हतं. ‘बॅकअप आहे’ असं सांगितलं होतं. तो दिवे आणि पंख्यांपुरता निघाला. वायफाय वीज गेली की जायचं आणि वीज रोज जायची. स्वयंपाकाच्या बाई संध्याकाळी लवकर घरी जात आणि आमची मंडळी नऊला जेवणारी. शिवाय समुद्रकिनारी जाऊन ताजा बांगडा खाण्याची स्वप्नं बघणाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मिळाली ती बर्फातली सुरमई, तीही चढ्या भावाने. जैन जेवण लागणारा एकच जण होता. त्याने तीन दिवस वरणभात खाल्ला आणि तक्रार केली नाही, हे मला जास्त लागलं.

जागेच्या मालकाला फोनवर प्रश्न विचारून यातलं काही कळत नाही, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘हो, आहे ना’ असंच येतं. त्याला व्हिडिओ कॉलवर चालायला लावा. नळ सोडून दाखवा म्हणा, मेन स्विच बंद करून काय काय चालू राहतं ते दाखवा म्हणा, सगळ्यात आतल्या खोलीत जाऊन बोलायला लावा म्हणजे नेटवर्क कळेल. वाईट वाटणार असेल तर वाटू दे.

कार्यक्रमाबद्दल मात्र माझं मत सगळ्यात ठाम आहे. संस्थापकांनी तीन दिवसांचं तासातासाचं वेळापत्रक केलं होतं: कंपनीची दिशा, पुढच्या तिमाहीची उद्दिष्टं, प्रत्येक टीमचं सादरीकरण. हे सगळं आम्ही दर सोमवारी पडद्यावर ऐकतोच. एवढा प्रवास करून आलेली माणसं पुन्हा एका पडद्याकडेच तोंड करून बसली, फक्त या वेळी तो भिंतीवर होता. त्यात ग्राहकांना आम्ही बाहेर असल्याचं नीट कळवलेलं नव्हतं, त्यामुळे निम्मे जण मांडीवर लॅपटॉप घेऊन ग्राहकांच्या तक्रारी सोडवत होते.

दुसऱ्या संध्याकाळी वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला आणि सगळे व्हरांड्यात येऊन बसले. आमची नागपूरची टेस्टर आणि कोचीचा डेव्हलपर यांच्यात कित्येक महिने धुसफूस चालू होती. ती ॲप अडकतं म्हणून नोंदवायची, तो ‘माझ्याकडे चालतंय’ लिहून नोंद बंद करायचा. ती पुन्हा उघडायची. शेवटी माझ्याकडे दोघांच्याही तक्रारी आलेल्या. त्या संध्याकाळी तिने आपला फोन काढून त्याच्या हातात दिला. काच तडकलेला, जुना, स्वस्तातला फोन, नेटवर्कची जेमतेम एक काडी. तो बघत राहिला. ॲप उघडायला एवढा वेळ लागला की त्याने दोनदा फोन उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, “याच फोनवर रोज तपासतेस?” ती म्हणाली, “आपले ग्राहक दुसरा कुठला वापरतात?” तासाभराने ते दोघं आणि आणखी एक जण मेणबत्तीच्या उजेडात वहीवर आकृत्या काढत बसले होते. त्यांना तिथे मी बसवलं नव्हतं, वेळापत्रकानेही नाही.

यातून मी नियम केला, की जागेपणीचे निम्मे तास रिकामे ठेवायचे आणि कामाला तेच विषय घ्यायचे जे शेजारी बसल्याशिवाय सुटत नाहीत. जुनी कुरबुर, कोणाचं काम कुठे संपतं याचा वाद, एखादी नवी रचना कागदावर काढणं, एवढंच. सादरीकरणं आधी रेकॉर्ड करून पाठवा. ग्राहकांना पंधरा दिवस आधी कळवा आणि तातडीच्या कामाची पाळी लावा. दर वेळी तोच एक सोशिक माणूस त्या पाळीवर जात नाही ना, ते बघा. ऑटोमॅटिकसारख्या जगभर विखुरलेल्या कंपन्यांच्या मोठ्या मेळाव्यांचे फोटो बघून भुलू नका. त्यांच्याकडे या एका कामासाठी वेगळी माणसं असतात. आपल्याकडे मी असते, आणि त्याच आठवड्यात पगारही करायचे असतात.

पैशांचं थोडक्यात. हॉटेलवरचा जीएसटी इमारत ज्या राज्यात असेल तिथला लागतो. तुमची नोंदणी फक्त महाराष्ट्रातली असेल तर गोव्यातल्या बिलावरच्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही, तो सरळ खर्च धरा आणि मगच दोन राज्यांतले दर ताडून बघा. तिकिटं कंपनीच्या कार्डाने काढा. पहिला पगार नुकताच झालेल्या मुलाला ‘आत्ता तू भर, नंतर देतो’ म्हणू नका. रिक्षा, चहा, हमाल यांची पावती मिळत नाही, त्यासाठी प्रत्येकाला ठरावीक रोख रक्कम द्या आणि हिशेब मागू नका.

आणि परतीचा दिवस. हॉटेल खोली सकाळी अकराला रिकामी करायला लावतं, कोणाचं विमान संध्याकाळी असतं, कोणाची गाडी रात्री. मधल्या वेळात माणसं बॅगांवर बसून असतात आणि सगळ्या मेळाव्याची चव तिथे जाते. शेवटच्या संध्याकाळपर्यंत एक खोली जास्तीची घेऊन ठेवा, बॅगा टाकायला, अंघोळीला, बाळाला झोपवायला. ज्याची गाडी सगळ्यात उशिरा आहे, किल्ली त्याच्याकडे द्या.