घराची रचना आणि मनाचे आरोग्य

घर सजवायचे ठरले की आपले लक्ष आधी कुठे जाते? हॉलकडे! सोफा, पडदे, टीव्हीचे युनिट, छतावरचे दिवे. पाहुण्यांना जे दिसणार, त्यावर सर्वात जास्त खर्च होतो. आणि घरात जी व्यक्ती सर्वात जास्त वेळ असते, मग ती आजारी आई असो, थकलेले आजोबा असोत किंवा स्वयंपाकघरात राबणारी गृहिणी, तिच्या वाट्याला अनेकदा सर्वात अंधारी खोली येते.

घराची रचना केवळ डोळ्यांना सुखावण्यासाठी नसते. तिचा परिणाम आपल्या मेंदूवर आणि भावनांवर सतत होत असतो. म्हणून सजावटीचा पहिला प्रश्न ‘कोणता रंग?’ हा नाही. पहिला प्रश्न असा आहे: या घरात कोण किती वेळ असते आणि त्या व्यक्तीला समोर काय दिसते?

खिडकीबाहेरचे झाड

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, तर उरलेल्यांना विटांची भिंत. शस्त्रक्रिया तीच, रुग्णालय तेच! तरीही झाडे पाहणारे रुग्ण सरासरी सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. औषधोपचाराची जागा झाड घेऊ शकत नाही, पण बरे होणाऱ्या मनाला ते आधार देते.

प्रकाश आणि मेंदूतले घड्याळ

आपले डोळे केवळ पाहण्याचे काम करत नाहीत. दृष्टिपटलात काही खास पेशी असतात. त्या प्रकाशाची खबर थेट मेंदूतल्या जैविक घड्याळाला देतात. सकाळचा उजेड मिळाला की हे घड्याळ बरोबर लागते. रात्री अंधार झाला की झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढू लागते. दिवसभर बंद पडदे आणि रात्री उशिरापर्यंत लखलखीत पांढरे दिवे असतील, तर घड्याळ गोंधळते. झोप बिघडते, आणि झोप बिघडली की चिडचिड, उदासी मागोमाग येतात.

पसारा कोणाला दिसतो?

लॉस एंजेलिसमधील कमावत्या जोडप्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन करताना ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे वारंवार आली, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचा दिवसभरातला चढउतार तितकासा निरोगी नव्हता. पतींमध्ये मात्र हा संबंध तसा दिसला नाही. विचार करण्यासारखी गोष्ट आहे, नाही का? घर एकच, पण ज्याला ‘हे मलाच आवरायचे आहे’ असे वाटते, त्याच्या मनावर पसाऱ्याचे ओझे पडते. पसारा आवरणे हे म्हणूनच सर्वांचे काम आहे.

आपण काय करू शकतो?

• घरातील आजारी किंवा वयस्कर व्यक्तीचा पलंग शक्य असेल तर खिडकीजवळ आणा. बाहेर भिंतच असेल, तर खिडकीत तुळस किंवा मनी प्लांटची कुंडी ठेवा.

• सकाळी उठल्यावर आधी पडदे उघडा. संध्याकाळनंतर मोठे दिवे बंद करून मंद, पिवळसर दिवा लावा.

• रोज रात्री सर्वांनी मिळून दहा मिनिटे घर आवरा. लहान मुलांनाही एक काम द्या.

• एक कोपरा रिकामा ठेवा. एक आसन पुरेसे आहे. तिथे मोबाईल न्यायचा नाही. रोज त्याच जागी डोळे मिटून शांत बसलात, तर त्या जागेची मनाला सवय होते. पुढे पुढे तिथे जाताच मन निवळू लागते.

• नवीन वस्तू आणण्यापूर्वी विचारा: ही कोणासाठी? माझ्या घरच्यांसाठी की चारचौघांना दाखवण्यासाठी?

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. दोन खोल्यांच्या घरातही त्या करता येतात. लागते ते फक्त लक्ष.

आजच एक छोटा प्रयोग करून पाहा. तुमच्या घरात जी व्यक्ती सर्वात जास्त वेळ असते, तिच्या जागी पाच मिनिटे बसा. तिला दिसते ते पाहा, तिला ऐकू येते ते ऐका. तिथे उजेड पोहोचतो का? वारा येतो का? डोळ्यांना काही हिरवे दिसते का? घरात पहिला बदल कोणता करायचा, याचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल. आपल्या माणसाच्या वाट्याला थोडा उजेड आणणे, यापेक्षा सुंदर सजावट कोणती?