गॅस गिझरखालचे थेंब : काय करावे, काय टाळावे

दिवाळी उलटली, की अमरावती-अकोल्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला झोंबतं आणि गॅस गिझरच्या बुडाशी थेंब दिसू लागतात. प्लंबर येतो, वायसर बदलून जातो, थेंब तसेच. कारण हे पाणी बरेचदा नळाचं नसतंच, ते गॅसमधून आलेलं असतं. एक किलो एलपीजी जळला, की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे 22 लिटरच्या आसपास. आत गार पाणी खेळत असलेल्या तांब्याच्या कॉइलला ही वाफ लागली, की तिचे थेंब होतात.

थेंबांनी फारसं बिघडत नाही. पण ज्या वाटेने वाफ बाहेर जाते, त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही जातो. वाफ घरात कोंडत असेल, तर तोही कोंडतोय.

काय करावे

- पाणी कुठलं, ते आधी ओळखा. गिझर सुरू केल्यावर थेंब पडले आणि दोन-चार मिनिटांत कॉइल तापल्यावर थांबले, तर ती वाफ. गिझर बंद असतानाही ठिपकत राहिलं, तर गळती. आपल्याकडे आणखी एक खूण हमखास सापडते. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी गळत असेल तर वाळल्यावर पांढरा थर धरतं. वाफेच्या पाण्यात क्षार नसतात. त्याचा डाग पडलाच तर तांब्यामुळे हिरवट असतो.

- गिझर बाथरूमबाहेर लावा. हे एवढं एकच केलं तरी चालेल, पण हे कराच. आपल्याकडचे बरेच छोटे गिझर बिनधुराड्याचे असतात, जळालेला गॅस तिथेच सोडतात. पूर्वी बंब अंगणात पेटायचा, धूर आभाळात जायचा. चार बाय सहाच्या बंद खोलीत तो नाकातच जाणार. उघडी गॅलरी किंवा मागची मोकळी भिंत बघा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. फ्लॅटमधली डक्ट वरून उघडी आहे का आणि तिच्यात शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात का, हेही पाहा.

- धुराडं असेल तर त्याचा उतार तपासा. फॅनच्या मॉडेलचा आडवा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, नाहीतर थेंब उलटे बर्नरवर येतात.

- गिझरखाली छोटा ट्रे लावा आणि त्याची नळी मोरीत सोडा. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं. खालच्या डब्यातल्या सेलच्या पट्ट्या त्याने गंजतात आणि मग ऐन आंघोळीच्या वेळी गिझर पेटत नाही.

- ज्योत बघा. निळी, स्थिर हवी. पिवळी झाली किंवा कॉइलवर काजळी दिसली, तर मेकॅनिक येईपर्यंत गिझर बंद.

- खाऱ्या पाण्याच्या गावात वर्षातून एकदा कॉइल आतून साफ करून घ्या, शक्यतो थंडीच्या आधी.

काय टाळावे

- थेंब थांबवायला बुडाची भोकं एमसीलने बुजवू नका. तिथूनच बर्नरला हवा मिळते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

- धुराड्याला पीव्हीसीचा पाइप जोडू नका. उष्णतेने तो वाकतो, सांधे सुटतात. ट्रेच्या नळीला मात्र पीव्हीसी चालतो.

- गार वारा येतो म्हणून झरोक्यात पोतं किंवा पुठ्ठा कोंबू नका. एक्झॉस्ट फॅनवरही भिस्त नको. गिझर आतच असेल तर तो फॅन कधीकधी गिझरचाच धूर खाली ओढतो.

- "वास येत नाही ना, मग काही नाही," असं म्हणू नका. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. गॅस गळतीसाठी 1906 हा फोन नंबर आहे, पण या दुसऱ्या वायूची खबर नाक देणार नाही.

- इंग्लंडला लेकीकडे गेलात तर तिथल्या बॉयलरची बाहेरची नळी गळते म्हणून बांधून ठेवू नका. तिथे 2005 पासून वाफेचं पाणी करून तीही उष्णता वापरणारे बॉयलर सक्तीचे झाले, म्हणून त्यांना ती नळी लागतेच. कडाक्याच्या थंडीत ती गोठते. तेव्हा कोमट पाणी ओता, उकळतं नको.

- गिझर हलवेपर्यंत घरातल्यांनी एकामागोमाग एक आंघोळी उरकू नयेत. आधी बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळीला आत जा. म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना आतून कडी लावू देऊ नका.

- डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, तर "अंगावर पाणी घेतो अन् निघतो" असं करू नका. तसेच बाहेर या. आत कोणी पडलं असेल तर दार-खिडकी सताड उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.