दाट धुके आणि वाहनाचा वेग

पौष महिन्यातील ग्वाल्हेरची सकाळ ज्याने पाहिली आहे, त्यास धुके म्हणजे काय हे सांगावयास नको. किल्ल्याची टेकडी नाहीशी होते, समोरचे घर नाहीसे होते, आणि लष्करहून मुरारकडे जाणाऱ्या टेम्पोचा आवाज आधी ऐकू येऊन टेम्पो मागाहून दिसतो. दुलईत बसून पाहणारास हे दृश्य रम्य वाटत असेल. परंतु ज्यास सकाळी सातला कामावर हजर व्हावयाचे असते, त्याच्या दृष्टीने तो जिवाशी खेळ असतो.

सन २०२४ च्या जानेवारीत आमच्या वर्गातील एका मित्राचे वडील असेच कामावर निघाले होते. भिंड रस्त्यावरील मालनपूर येथे ते एका कारखान्यात काम करतात. घरापासूनचे अंतर सुमारे वीस किलोमीटर. काकू म्हणाल्या, “आज जरा थांबून जा.” काका म्हणाले, “अगं, रोजचाच रस्ता आहे. डोळे मिटूनही जाईन. उशीर झाला तर अर्धा दिवस कापतील.” वाटेत मागील दिवा नसलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली एकाएकी पुढे उभी ठाकली. काकांनी मोटारसायकल कशीबशी बाजूच्या मोहरीच्या शेतात घातली. प्राण वाचले, परंतु मनगट मोडले आणि तीन आठवडे घरी बसावे लागले.

हे ऐकल्यावर आमच्या मनात प्रश्न उभा राहिला, की चूक नेमकी कोठे झाली? ट्रॉलीस दिवा नव्हता हे खरेच. पण तेवढेच का? विज्ञानाच्या सरांच्या साहाय्याने आम्ही याचा जो अभ्यास केला, तो येथे मांडीत आहोत.

प्रथम धुक्याचे कारण पाहू. हिवाळ्यात आकाश निरभ्र व वारा शांत असला, म्हणजे रात्री जमिनीतील उष्णता वेगाने बाहेर टाकली जाते. जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते. हवेत ओलावा पुरेसा असेल आणि तापमान दवबिंदूपर्यंत उतरले, तर बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनून ते धूळ व धुराच्या कणांभोवती जमतात. हेच धुके. पश्चिमी विक्षोभामुळे पाऊस पडून गेला आणि पाठोपाठ आकाश मोकळे झाले, की उत्तर भारताच्या मैदानात याला विशेष जोर चढतो. ओलित केलेली गव्हाची शेते ओलाव्यात भर घालतात. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली, की ते विरते.

ज्या अंतरापर्यंत वस्तू ओळखता येते, त्यास दृश्यता म्हणतात. दृश्यता १००० मीटरांहून कमी झाली, की हवामानशास्त्रात त्यास धुके म्हणतात. २०० मीटरांहून कमी असल्यास दाट धुके, आणि ५० मीटरांहून कमी असल्यास अतिदाट धुके.

आमच्या रस्त्यावरील दृश्यता आम्ही स्वतःच मोजली. विजेच्या दोन खांबांमधील अंतर दोरीने मोजता ३० मीटर भरले. एका खांबापाशी आम्ही उभे राहिलो व एका मित्रास पुढे चालावयास सांगितले. दुसरा खांब ओलांडून तो आणखी दहा पावले गेला असेल नसेल, तोच दिसेनासा झाला. म्हणजे दृश्यता सुमारे ४० मीटर.

आता वेगाचे गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. अडथळा दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात वाहन १७ मीटर पुढे जाते. नंतर ब्रेक लागून दर सेकंदास वेग ५ मीटरांनी घटत गेला, तर थांबेपर्यंत आणखी २८ मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. दिसते मात्र ४० मीटरच! म्हणजे ट्रॉली दिसण्यापूर्वीच काकांच्या हातून गोष्ट निसटलेली होती. दवाने रस्ता ओला असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

हेच गणित ताशी ३० किलोमीटरांसाठी केले, तर विचाराच्या सेकंदात ८ मीटर व ब्रेक लावल्यावर ७ मीटर, असे अवघ्या १५ मीटरांत वाहन थांबते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

यावरून एक नियम निघतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, जितके दिसते त्याच्या निम्म्या अंतरात थांबता यावे, इतकाच वेग ठेवावा. निम्मे का? समोरून येणाऱ्यासही थांबावयास तेवढीच जागा हवी, म्हणून.

पुष्कळांचा समज असा, की दिव्याचा झोत वर केला म्हणजे अधिक दिसेल. प्रत्यक्षात उलट घडते. जलबिंदू तो प्रकाश चहूकडे विखुरतात, व त्यातील काही परत चालकाच्याच डोळ्यांवर येतो. पुढे जणू पांढरी भिंत उभी राहते. म्हणून झोत खालीच असावा. पिवळ्या दिव्याचीही फार थोरवी सांगतात; परंतु धुक्याचे थेंब सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. धुक्यासाठीच्या दिव्याचा खरा गुण रंगात नसून, तो खाली बसविलेला व रुंद झोताचा असतो, यात आहे.

रस्त्यावरील चालकास निदान डोळ्यांनी पाहून थांबण्याची आशा असते. रेल्वेचालकास तीही नाही, कारण भरधाव गाडी थांबावयास कित्येकशे मीटर लागतात. म्हणून रेल्वेने ही गोष्ट चालकाच्या धाडसावर सोडलेली नाही. ठरावीक १८० मीटरांवरील खूण दिसेनाशी झाली, की स्थानकावर धुक्याचे नियम लागू होतात. सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दोन फटाके ठेवतात. त्यांच्या आवाजाने सिग्नल जवळ आल्याचे चालकास कळते. धुक्यात वेगाची कमाल मर्यादा ताशी ६० किलोमीटर असे. पुढील सिग्नलची आगाऊ सूचना देणारे उपकरण इंजिनात असल्यास ती ७५ पर्यंत वाढविण्यात आली. गाडी उशिरा आली म्हणून आपण कुरकुरतो. पण तो उशीर म्हणजे ढिलाई नव्हे, शिस्त आहे.

हीच शिस्त रस्त्यावर का नसावी? वीस किलोमीटर जावयास ताशी ६० च्या वेगाने वीस मिनिटे लागतात, ३० च्या वेगाने चाळीस. सुरक्षिततेची किंमत ती काय, वीस मिनिटे! ती वाचविण्यासाठी काकांनी तीन आठवडे घालविले. अर्थात सर्व भार कामगारावरच टाकणे न्यायाचे नाही. कडाक्याच्या थंडीत शाळांच्या वेळा पुढे ढकलतात. मग अतिदाट धुक्याच्या दिवशी कारखान्यातही अर्ध्या तासाची सवलत मिळावी, आणि प्रत्येक ट्रॉलीस मागे लाल परावर्तक असावा, असे आम्हांस वाटते.

आमची ही आकडेमोड आम्ही काकांना वहीत दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि काही न बोलता वही परत दिली. हात बरा झाल्यावर मात्र ते घरून साडेसहाऐवजी सहा वाजून दहा मिनिटांनी निघू लागले. आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी ते लवकर पोचतात व कारखान्याच्या फाटकापाशी चहा घेतात. आणखी दोन-तीन वर्षांनी आमच्याही हाती वाहने येतील. तेव्हा रस्ता रोजचा आहे, एवढ्यावर विसंबून आम्ही निघणार नाही. आज किती दिसते, ते आधी पाहू.