त्रिक-श्रोणी सांध्याचे दुखणे

जबलपूरच्या अधारताल भागात १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. ह्या शहराभोवतीच्या महाकोशल प्रदेशात पावसाळ्यात भाताची लावणी होते. लावणी करणारी स्त्री तासन् तास कमरेत वाकून, चिखलातून एकेक पाय उपसत मागे सरकत असते. घरी आल्यावर ती मूल एकाच कडेवर घेते. पुरुष एकाच खांद्यावरून पोती वाहतो. ह्या सर्व कामांत धडाचा भार ज्या सांध्यांतून पायांकडे उतरतो, ते त्रिक-श्रोणी सांधे होत. ते दुखू लागले की ‘कंबर धरली’ असे म्हणून माणूस दुखणे अंगावर काढतो.

कण्याच्या तळाशी पाच मणके जुळून झालेले त्रिकोणी हाड असते. त्यास त्रिकास्थी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंस कटीची पसरट हाडे जेथे मिळतात, तेथे हे सांधे असतात. गुडघा वाकण्यासाठी आहे; हा सांधा मुख्यतः भार पेलण्यासाठी आहे. बळकट अस्थिबंधांनी तो इतका आवळलेला असतो की, त्याची हालचाल सुमारे दोन ते चार अंशांपलीकडे जात नाही. एका बाजूवर वारंवार पडणारा भार, नितंबावर आपटणे, दोन पायांच्या लांबीतील फरक, ह्यांमुळे तो दुखावतो. गरोदरपणात अस्थिबंध सैल होतात, म्हणून त्या काळात व प्रसूतीनंतर हे दुखणे अनेक स्त्रियांना जडते.

१९०५ साली गोल्डथ्वेट आणि ऑसगुड ह्या अमेरिकन वैद्यांनी ह्या सांध्याकडे लक्ष वेधले. परंतु १९३४ मध्ये मिक्स्टर व बार ह्यांनी मणक्यांमधील चकती सरकल्याने पाय दुखतो हे दाखविले आणि सर्वांचे लक्ष चकतीकडे वळले. आजही ह्या सांध्याची वेदना चकतीची समजली जाते, कारण दोन्हींत कळ नितंबातून मांडीकडे जाते.

ओळखण्याची एक खूण सोपी आहे. वेदना कोठे आहे असे विचारता रोगी पाठीवरच्या खळीच्या किंचित खाली, एका बाजूस, एकच बोट टेकवितो. जिना चढताना, कूस बदलताना किंवा एका पायावर उभे राहताना कळ येते. मात्र एका खुणेवरून निदान होत नाही; वैद्य सांध्यावर ताण देणाऱ्या अनेक चाचण्या करून पाहतो.

नुसते भाराचे दुखणे असेल तर एक-दोन दिवस जड काम टाळावे; अंथरुणाला खिळून राहू नये. वेदनाशामक गोळ्या वैद्याच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, कारण त्या जठरास व मूत्रपिंडास बाधक ठरू शकतात. आधाराचा पट्टा कमरेवर नव्हे, तर खुब्यांच्या उंचीवर बांधावा. वेदना ओसरू लागताच उताणे निजून गुडघे मुडपावेत, नितंब सावकाश उचलून पाच सेकंद धरावेत व खाली आणावेत. असे आठ-दहा वेळा करावे. कळ वाढल्यास थांबावे. ओझे दोन्ही बाजूंस वाटून घ्यावे आणि मूल कडेवर घेताना बाजू बदलावी. लावणीत मधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी.

काही दुखणी मात्र निराळी असतात. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, पहाटे झोपमोड करणारी, विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी वेदना, आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, ही सांध्याच्या दाहाची चिन्हे होत. अशा दाहात क्ष-किरण चित्र कित्येक वर्षे निर्दोष दिसू शकते आणि तेवढ्या काळात कणा ताठरत जातो. ताप असेल तर क्षयाची शंका घ्यावी. गुराढोरांत काम करणाऱ्यास किंवा कच्चे दूध पिणाऱ्यास ब्रुसेल्ला जंतूंचाही संसर्ग संभवतो. लघवीवरचा ताबा जाणे, मांड्यांमध्ये बधिरता किंवा पायांत अशक्तपणा आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

बाळंतिणीची कंबर दुखायचीच आणि तरुणाचा ताठरपणा श्रमाचाच, हे दोन्ही समज सोडले पाहिजेत. पहिलीस योग्य व्यायामाने बहुधा आराम पडतो. दुसऱ्याचे वेळीच निदान झाल्यास त्याचा कणा ताठरण्यापासून वाचविता येण्याचा संभव पुष्कळ वाढतो.